टेकडीची शाळा की कालव्याची

३ जानेवारी

नवी डायरी. लोखंडाच्या व्यापाऱ्याने फुकट दिली. मी काही डायरी लिहिणारा माणूस नाही. पण यंदा घरात एक मोठा निर्णय घ्यायचाय, आणि या घरात डोकं शांत ठेवून विचार करणारा मी एकटाच, तेव्हा कुठेतरी नोंद हवी.

निर्णय असा. बारकीला जूनमध्ये पहिलीत घालायचंय. शाळा दोन, दोन्ही कॅथलिक. आपण त्यांच्यातले नाही, पण बाहेरच्यांसाठी थोड्या जागा असतात. एक टेकडीवरची, फादरांची. दुसरी कालव्याकाठची, सिस्टरांची. इंग्रजी दोन्हीकडे फर्स्टक्लास, संडास दोन्हीकडे स्वच्छ. माझं मत टेकडी. बारकी फार घाबरट आहे. दार जोरात लागलं तरी दचकते. बोलते तर इतकं हळू की कान तिच्या तोंडाला लावावा लागतो. माझ्यासारख्याच्या पोटी असं कोकरू कसं आलं देव जाणे. फादर लोक शिस्तीचे असतात, ते तिला कणखर करतील.

हिचं मत कालवा. कारण विचारलं तर म्हणाली, तिथे कोणी ओरडत नाही. हे काय कारण झालं? मी शांतपणे माझी बाजू मांडली. मांडताना चिनी मातीची किटली फुटली. तिचा कान तसाही सैल होता.

संकल्प: महिनाअखेर शाळा नक्की. तीही गोडीगुलाबीने.

९ जानेवारी, रविवार

तिघं टेकडीवर जाऊन आलो. शाळा झकास. दगडी इमारत, समोर मैदान, बाजूला चर्च. फाटक मात्र भिकार. बिजागऱ्या उलट्या बसवल्यात. इतकी वर्षं गेट-ग्रिलचा धंदा केल्यावर असलं काम बघवत नाही. ज्याने केलं त्याला तिथेच टांगला पाहिजे.

वॉचमन म्हणाला, आज बंद, उद्या या. मी म्हटलं, नुसतं बघतो. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, अरे बाबा, नुसतं. त्यावर त्याने माझ्या छातीला हात लावला. छातीला! मी त्याला जरासा बाजूला केला. तो कुंडीवर जाऊन आपटला, ही त्याची चूक. पहारेकऱ्याला पाय रोवून उभं राहता येऊ नये? पडल्या पडल्या शिट्टी फुंकायला मात्र बरं सुचलं.

शिट्टी ऐकून फादर आले. तेच मुख्याध्यापक. उंच, पांढरा झगा, पायात कॅनव्हासचे बूट. आधी वॉचमनला हात देऊन उठवलं, त्याचं कोपर बघितलं, मग माझ्याकडे वळून काय हवंय विचारलं. आवाज न चढवता असा बोलतो गडी की समोरचा आपोआप खांदे खाली घेतो. मी विचारलं, तुमच्याकडे छडी वापरता ना? म्हणाले, माझ्या आधीच्या फादरांनीच बंद केली. वाईट वाटलं. पण छडी नसली तरी धाक असणारच. मुलाखत मार्चमध्ये, आईवडील आणि मूल, तिघांची.

हीच शाळा. ठरलं.

१५ जानेवारी, शनिवार

हिच्या समाधानासाठी कालव्याकाठी जाऊन आलो. थोरल्या सिस्टर म्हणजे मूठभर बाई. माझ्या कोपरापर्यंत येते. आल्या आल्या माझ्याशी न बोलता बारकीसमोर उकिडवी बसली आणि तिला विचारलं, तुला इथे यायचंय का. सहा वर्षांच्या पोरीला! मी हसलो. म्हटलं, तिला काय कळतंय. सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, थांबा, ती सांगतेय. बारकी काहीच सांगत नव्हती. सिस्टर तरी बसूनच. शेवटी बारकीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला दिसलं नाही.

मग हिला विचारलं, तुम्हाला काय काय येतं. मी म्हटलं, घरीच असते. ही मध्येच म्हणाली, शिवण येतं. दोघी उठून वसतिगृहाचं स्वयंपाकघर बघायला गेल्या. ॲडमिशनला आलेल्या बाईला स्वयंपाकघर कशाला दाखवायचं? मी तासभर बाकावर. शाळेत खरोखरच कोणी ओरडत नव्हतं. कान दुखायला लागले.

येताना एका स्कूटरवाल्याने आमच्या टेम्पोचा आरसा उडवला. थांबला, सॉरी म्हणाला. नुसतं सॉरी म्हणून सुटतोस होय, म्हणून मी त्याला उतरवून समजावलं. हेल्मेट काढत नव्हता, म्हणून हेल्मेटनेच समजावावं लागलं. लोक गोळा झाले, कोणीतरी मागून माझा शर्ट फाडला. परत आलो तर बारकी सीटवर कान दाबून बसलेली. थंडी फारच पडलीय यंदा.

२२ जानेवारी

वर्कशॉपमधला माझा वेल्डर त्यांच्यातलाच आहे, टेकडीवरच्या चर्चमध्ये जातो. त्याला म्हटलं, मुलाखतीत फादरांना खूष करायचं तर काय तयारी करू. तो म्हणाला, मालक, तुम्ही शांत राहिलात तरी पुष्कळ. आता बघा. मी सरळ विचारतोय आणि हा टोमणे मारतोय! मी हातोडा फेकला. त्याला नाही, भिंतीला. माणसावर हात उचलायचा नाही हा माझा नियम आहे. घरातसुद्धा. ही किंवा बारकी, दोघींना मी आजवर बोट लावलेलं नाही. राग आलाच तर वस्तूंवर निघतो, आणि वस्तू माझ्याच कमाईच्या.

भिंतीतला खड्डा बघून त्याने एक सांगितलं. त्यांच्यात म्हणे कोणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायचा. हे आवडलं. मर्दानी वाटलं. मुलाखतीत उदाहरण म्हणून सांगता येईल, पण आधी करून बघितलेलं बरं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर गेलो. वरचा बँकेत कारकून. त्याला म्हटलं, मला एक ठेवून द्या. तो म्हणाला, काय झालं, बसा, पाणी घ्या. म्हटलं, पाणी नको, थोबाडीत द्या. त्याची बायको आतून बाहेर आली. मी समजावून सांगितलं की हे पोरीच्या ॲडमिशनसाठी आहे. मग त्याने गालाला नुसता हात लावला. म्हटलं, ही काय थप्पड झाली, नेभळट कुठला, हात आहे की पोळी? तेव्हा कुठे त्याने खाडकन ठेवून दिली. काय लागली! एवढ्याशा माणसात एवढा जोर!

दुसरा गाल पुढे करायचं लक्षात होतं. पण हात आधी पुढे गेला.

त्याचा दात पडला. हलतच असेल आधीपासून. हिने बर्फ नेऊन दिला आणि बराच वेळ त्यांच्या दारात उभी राहून माफी मागत होती. माफी कसली, त्यानेच आधी मारलं!

३१ जानेवारी

शाळा नक्की झाली नाही. दोष हिचा. टेकडी म्हटलं की गप्प बसते. भांडली तरी एक वेळ परवडेल, ही गप्प बसते आणि मग मला एकट्यालाच दोघांचं ओरडावं लागतं. एक काचेचं भांडं आणि भिंतीवरचं घड्याळ. बाकी शांत.

५ फेब्रुवारी, शनिवार

वेल्डरकडून पक्की बातमी काढली. दर शनिवारी संध्याकाळी फादर चर्चमध्ये एका लाकडी कपाटात बसतात. शेजारच्या खणात कोणीही जाऊन गुडघे टेकून बोलायचं, मध्ये जाळी. फादर सगळं ऐकून घेतात, कोणाला परत पाठवत नाहीत, आणि उठताना माफी देऊन टाकतात. म्हटलं, अरे वा! हीच खरी खिडकी. ऑफिसातली खिडकी लोकांना दाखवायला असते.

गेलो. रांगेत चार बायका आणि एक म्हातारा. आत जाताना सगळ्यांचे चेहरे पडलेले, बाहेर येताना मोकळे. नक्की काम होत असणार. माझा नंबर आला. गुडघे टेकले. गुडघ्याखालची फळी हलत होती, स्क्रू आवळायला हवेत.

फादर म्हणाले, बोला. मी सगळं सांगितलं. वरचा कारकून नळाचं पाणी आधी ओढतो. माझा मेहुणा आतल्या गाठीचा आहे, बहिणीचे कान भरतो. वेल्डर उलट उत्तरं देतो. बायको हट्टी आहे, पोटात एक ओठात एक. काही लपवलं नाही. फादरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही त्यांची पापं झाली, तुमची सांगा. मी म्हटलं, माझं काही नाही, मी शांत माणूस. ते म्हणाले, रागाचं काय? मी म्हटलं, कसला राग? ते म्हणाले, जरा हळू बोला, बाहेर ऐकू जातंय. मी म्हटलं, हळूच बोलतोय! ते म्हणाले, घरी तुम्हाला कोण घाबरतं?

कोण घाबरतं म्हणजे? मी काय वाघ आहे? म्हणे कोण घाबरतं!

वेताची जाळी, पातळ होती. मूठ सरळ पलीकडे गेली. फादरांच्या चष्म्याला लागली नाही, थोडक्यात वाचला. बाहेर एक बाई किंचाळली. फादर उठून माझ्या बाजूला आले, मनगटात घुसलेल्या काड्या काढल्या, स्वतःचा रुमाल बांधला. मी म्हटलं, असली जाळी काय उपयोगाची, मी लोखंडाची करून देतो. फुकट. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. एकूण छाप चांगली पडली.

वेल्डर नंतर म्हणाला, तिथे ऐकलेलं फादर कोणाला सांगू शकत नाहीत, त्याचा उपयोगही करू शकत नाहीत, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे मी एवढं बोललो ते ॲडमिशनला धरणार नाहीत? आधी सांगायला काय झालं होतं गाढवाला?

११ फेब्रुवारी

लोखंडी जाळी तयार. वेलबुट्टी, पॉलिश, सगळं. आयुष्यातलं एक नंबर काम. टेकडीवर घेऊन गेलो. फादर म्हणाले, सुंदर आहे, पण तिथे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला तुरुंगात बसल्यासारखं वाटेल. जाळी परत आणली.

वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणाला, मी म्हटलंच होतं. काय म्हटलं होतंस? काय म्हटलं होतंस रे? मी फक्त स्टुलाला लाथ मारली. स्टुलावर तापलेली सळई आहे हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. त्याच्या पायावर पडली. मांस जळाल्याचा वास अजून नाकातून जात नाही. मी स्वतः टेम्पोतून दवाखान्यात नेलं, आणि वाटेत त्याला सांगितलं की बूट घालून काम करत जा. त्यावर तो म्हणाला, सोमवारपासून मी येणार नाही.

येऊ नको! तुझ्यासारखे छप्पन्न मिळतील.

१६ फेब्रुवारी

एकही मिळाला नाही. बाजारात काय बोलून ठेवलंय माझ्याबद्दल कोण जाणे.

एक चांगली बातमी. ही आठवड्यातून दोन दिवस दुपारी कालव्याच्या शाळेत शिवण शिकवायला जाणार. बारकीलाही बरोबर नेणार. वशिला लावतेय! पटलं आपल्याला. मुळात टेकडीच नक्की आहे, पण हाताशी दुसरी जागा असलेली बरी. मी परवानगी दिली. मोठ्या मनाने.

२० फेब्रुवारी, रविवार

मेहुणा आला. स्वयंपाकघरात बहीणभाऊ कुजबुजत होते. मी आत गेलो की गप्प. विचारलं, काय चाललंय. म्हणाला, काही नाही दाजी, शाळेचंच. म्हटलं, शाळेचं तर माझ्यासमोर बोल. तो म्हणाला, तुमच्यासमोर कोणाला बोलता येतं का? माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून हा मला विचारतो! मी त्याचा हात पिरगाळला, तो सोडवायला गेला, दोघं कपाटावर आदळलो. कपाटाची काच फुटली. ही मध्ये आली.

मध्ये यायची काय गरज होती? मी तिला हात लावलेला नाही. काच लागली. कपाळाला, भुवईच्या वर. रक्त एवढं आलं की ओट्यापर्यंत ओघळ गेला. टाके पडले. दवाखान्यात मी सांगितलं की पाय घसरला. डॉक्टरीणबाई माझं ऐकून घेऊन पुन्हा तिलाच विचारत होती. मग म्हणाली, तुम्ही बाहेर बसा. बहिरी असावी.

मेहुण्याचं मनगट सुजलंय. बरं झालं. बारकी दिवसभर दाराआडून बाहेर आली नाही. म्हणून तर म्हणतो, हिला टेकडीवरच घालायला हवी.

संकल्प: मुलाखतीपर्यंत आवाजसुद्धा चढवायचा नाही.

४ मार्च

उद्या मुलाखत. शर्ट इस्त्री केला. बारकीकडून उत्तरं घोटून घेतली. तुझं नाव काय, बाबा काय करतात, मोठी होऊन काय होणार. तिसऱ्याला अडखळत होती. मी टेबलावर हात आपटून लय धरली तर पहिली दोनही विसरली. असू दे. आवाज चढवला नाही. टेबल जरा तडकलं.

५ मार्च, शनिवार

मुलाखत उत्तम झाली. नीट लिहून ठेवतो.

फादरांचं ऑफिस. समोर आम्ही तिघं. मी मध्ये. कपाळावरचा टाक्यांचा व्रण दिसू नये म्हणून हिने केस पुढे घेतलेले. फादरांनी मला धंद्याचं विचारलं, मी सांगितलं. हिला विचारलं, मी सांगितलं. बारकीला नाव विचारलं, तिने सांगितलं. ऐकू आलं नाही, पण सांगितलं. सगळं सुरळीत.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. ट्रे ठेवला आणि बारकीच्या डोक्यावरून हात लांबवून मागच्या खिडकीची दोरी ओढायला गेला, ऊन येत होतं म्हणून. हात वर गेला मात्र, बारकी खुर्चीत नव्हती. टेबलाखाली. गुडघ्यांत डोकं, डोक्यावर दोन्ही हात. आणि ही, मोठी बाई, तीही वाकून टेबलाखाली, बारकीवर पालथी. दोघींनी हे इतक्या झटक्यात केलं की शिपायाच्या हातात दोरी तशीच राहिली.

मी हसलो. म्हटलं, चपळ आहे पोरगी, खेळात नाव काढेल.

फादर हसले नाहीत. जमिनीवर बसले, झग्यासकट. टेबलाखाली बघून बारकीला विचारलं, बाळा, काय झालं. आता बारकी बोलली. म्हणाली, आता काहीतरी येईल. फादरांनी विचारलं, काय येईल. ती म्हणाली, माहीत नाही, जे जवळ असेल ते.

पोरं काय काहीही बोलतात. मी फादरांना तसं सांगितलंही. ते खालूनच म्हणाले, कळवतो.

मी आवाज चढवला नाही, काहीही फोडलं नाही. फक्त उतरताना एका कुंडीला पाय लागला. ॲडमिशन पक्कीच समजायची.

१२ मार्च, शनिवार

फादरांचा फोन आला. मी वर्कशॉपमध्ये एकटाच होतो. म्हणाले, बारकीला आमच्याकडे घेत नाही. तिला सध्या अशी शाळा हवी जिथून तिला रोज घरी जावं लागणार नाही, आणि ती सोय आमच्याकडे नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? ते म्हणाले, तुम्ही माझ्याकडे या, आपण बोलू, केव्हाही या.

केव्हाही काय, लगेच गेलो. टेम्पोने. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती, वॉचमन जेवायला गेलेला, फाटक बंद. पहिल्या धडकेत वाकलं, दुसऱ्यात आडवं. सांगत होतो ना, बिजागऱ्या उलट्या आहेत म्हणून! मैदानात पोरं असती तर? नव्हती. मी बघितलं होतं. म्हणजे धडकल्यावर बघितलं.

फादर बाहेर आले. मी टेम्पोतून पाना घेऊन उतरलो होतो. ते समोर येऊन उभे राहिले, हात खाली सोडून. मागून शिपाई, मास्तर, सगळे धावत आले, मला पाडलं, एकाने पाठीवर बसून घेतलं. तोंडात माती गेली. पोलीस आले. हवालदाराने चौकीत दोन ठेवून दिल्या. मी दुसरा गाल पुढे केला. त्याने तोही घेतला.

संध्याकाळी सोडलं, कारण फादर येऊन म्हणाले, फाटकाची तक्रार नाही, मी यांना माफ केलंय. ते ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. मला माफ करणारा हा कोण? मी मागितली होती माफी? मारलं असतं तर चाललं असतं. माफ करून माणसाची इज्जत घालवतात हे लोक.

घरी आल्यावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. टीव्ही तसाही नवा घ्यायचाच होता. स्वयंपाकघरातलं काय काय उरलंय ते बघायला हवं. बारकी पलंगाखाली झोपली. तिथे गारवा असतो.

१३ मार्च

विचारांती निर्णय: कालव्याची शाळाच उत्तम. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

२१ मार्च

कालव्याच्या शाळेची मुलाखत. थोरल्या सिस्टरचा निरोप, आई आणि मूल आले तरी पुरे, वडिलांनी तसदी घेऊ नये. किती समजूतदार बाई! कामाच्या माणसाचा वेळ कळतो तिला. दोघी गेल्या, आल्या. ही म्हणाली, घेतलं. मी म्हटलं, बघ, मी म्हणालो होतो ना. ही माझ्या अंगावरून अशी गेली की जणू खुर्ची बाजूला ठेवून जातेय.

पेढेबिढे काही आणले नाहीत, पण कोणावर ओरडलोही नाही. दिवसभर.

२८ मार्च

हिने बारकीचे कपडे धुऊन, नाव शिवून, पिशवीत भरून ठेवले. स्वतःचेही दोन-चार. म्हटलं, शाळा जूनमध्ये ना? म्हणाली, सिस्टरांकडे सुट्टीतही वर्ग असतात. उत्साह बघा! घरात वातावरण एकदम छान आहे. दोघी माझ्याशी गोड बोलतात. माझ्या शांतपणाचा परिणाम हळूहळू होतोच.

४ एप्रिल, सोमवार

घरी आलो तर कुलूप. किल्ली वरच्या कारकुनाकडे. त्याने दार पुरतं न उघडता फटीतून दिली.

दोघींचे कपडे नाहीत. हिची शिवणाची मशीन नाही. ती एकटीने कशी उचलली? मेहुणा! फोन केला तर ही उचलेना. थोरल्या सिस्टरला केला. म्हणाली, दोघी इथेच आहेत. तुमच्या मिसेस आता वसतिगृहात राहतात, शिवण आणि स्वयंपाकघर त्या बघतात. बारकीला त्यांच्या शेजारची कॉट दिलीय. इतक्या शांतपणे सांगितलं, जणू बसचं टाइमटेबल सांगतेय.

म्हणजे ही इतके दिवस शाळा निवडत नव्हती? मग काय निवडत होती? आणि वशिला लावला म्हणून मी शाबासकी दिली!

उद्या जातो. बघतोच एकेकीला.

५ एप्रिल

घण घेऊन गेलो. मोठा, दोन हातांचा. कालव्याकाठच्या फाटकाला पहिला घाव घातला, तो अख्ख्या रस्त्याने ऐकला असेल. दुसरा घालणार तोवर आतून कडी निघाली. थोरली सिस्टर. एकटी. वॉचमन नाही, शिपाई नाही. फाटक उघडून मध्येच उभी राहिली. म्हणाली, मारायचं असेल तर आत येऊन मारा, खिडकीतून मुली बघतायत, त्यांना फाटकाच्या आवाजाची भीती वाटते.

आता हिला काय मारणार? घण डोक्यावर धरलेला. शेवटी खाली ठेवला. फार जड आहे तो. मी म्हटलं, माझी पोरगी आहे, मला भेटायचंय. ती म्हणाली, विचारते तिला. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? ती म्हणाली, आम्ही इथे विचारतो.

बाकावर बसलो. ती वर गेली. परत आली आणि म्हणाली, नको म्हणतेय.

मी म्हटलं, तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल, ती फार हळू बोलते. कान तोंडाला लावावा लागतो. सिस्टर म्हणाली, नाही हो, चांगली मोठ्याने म्हणाली. मी जिन्यात होते, तिथे ऐकू आलं.

घण उचलून घरी आलो. वाटेत एकाने हॉर्न मारला. मी बाजूला झालो.

११ एप्रिल

आठवडाभर घरात काही फुटलं नाही. नोंद म्हणून लिहितोय. शांत माणूस आहे मी, हे सिद्धच झालं म्हणायचं. ऐकायला मात्र कोणी नाही.

दुपारी चहा करायला गेलो. साखर सापडेना. सगळे डबे बघितले. मग एक बरणी फेकली. काचेची होती. मीठ होतं तिच्यात. फुटली, मी उभा राहिलो. काहीच झालं नाही. कोणी वाकलं नाही, कोणी बारकीला उचलून आत गेलं नाही. काचा तिथेच. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठलो तर पायात घुसली. रक्त, वर मीठ. भयंकर झोंबलं. पोराबाळांसारखा ओरडलो.

काचा गोळा करायच्या तर झाडू सापडेना. इतकी वर्षं या घरात राहतोय, झाडू कुठे असतो मला माहीत नाही. एका पायावर उड्या मारत सगळीकडे बघितलं. शेवटी कालव्याला फोन केला. सिस्टरने उचलला. म्हटलं, भांडायला नाही केला, हिला एवढंच विचारा की झाडू कुठे ठेवते. सिस्टर म्हणाली, त्या बाजारात गेल्यात, बारकी इथे आहे, तिला विचारते. मी म्हटलं, तिला काय माहीत असणार. पण ती गेली होती.

बराच वेळ फोन कानाला धरून बसलो. सिस्टर परत आली. म्हणाली, ती फोनवर यायला तयार नाही, पण तिने निरोप दिलाय, जसा आहे तसा सांगते. झाडू बाथरूमच्या दारामागे आहे. आधी चप्पल घाला. मोठे तुकडे हाताने उचलू नका, जाड कागदाने घ्या. मग झाडा. मग ओलं फडकं फिरवा, बारीक काचा दिसत नाहीत पण फडक्याला येतात. ते फडकं धुवायचं नाही, टाकून द्यायचं. आणि कपाटाखाली बघायला विसरू नका, तिथे नेहमी जातात.

सिस्टरने विचारलं, लिहून घेतलंत का. मी म्हटलं, हो.

चप्पल घातली. कपाटाखाली बघितलं. तिथे जुन्याही होत्या.